तिसरीतली सही

नगरपालिकेच्या तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात एक खिडकी आहे. तिथे एकतीस वर्षं एकच माणूस बसत आला. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर आणि घराच्या दारावर. बाकी सगळीकडे भिंगराव. टेबलाच्या खणात पितळी मुठीचं एक भिंग असायचं, आणि अर्जावरची सही त्याखालून गेल्याशिवाय अर्ज वर जात नसे. वरचे साहेब बदलले, नगराध्यक्ष बदलले, एकदा तर जिनाही नवा झाला. भिंग तेच राहिलं.

लोकांचा समज असा, की भिंगराव खडूस आहेत. भिंगरावांचा समज असा, की आपण निःपक्षपाती आहोत. दोन्ही समज एकाच माणसात सुखाने नांदत होते. सख्ख्या साडूचा नळजोडणीचा अर्ज त्यांनी सही जुळत नाही म्हणून परत पाठवला होता आणि साडू चार महिने शेजाऱ्याच्या नळावर बादल्या भरत होता. ही गोष्ट भिंगराव लग्नकार्यात आवर्जून सांगत. साडूही सांगे, पण वेगळ्या सुरात.

त्या वर्षी कायद्यात एक नवं कलम आलं. वॉर्ड समितीच्या निवडणुकीत सोळा वर्षं पुरी झालेल्यांना मत द्यायचं की नाही, हे ज्या त्या नगरपालिकेने ठरवावं. सोळा ते अठरा वयाच्या तीनशे रहिवाशांनी सह्यांनिशी मागणी केली, तर सर्वसाधारण सभेला तो विषय घ्यावाच लागेल. सह्या तीनशेच्या खाली आल्या तर अर्ज फाइलला लागेल आणि वर्षभर पुन्हा करता येणार नाही. शहाण्या माणसांनी हे कलम वाचून सोडून दिलं. अकरावीच्या मुलांनी वाचून कागद आखायला घेतले.

त्या मुलांत भिंगरावांची मुलगीही होती. घरात तिला बारकी म्हणत. ती बापापेक्षा चांगली चार बोटं उंच झाली होती, पण नाव कुणी बदललं नव्हतं.

"सोळाव्या वर्षी मत," भिंगराव जेवताना म्हणाले. "सोळाव्या वर्षी स्वतःचा टॉवेल वाळत घालता येत नाही."

"टॉवेलची अट अठराव्या वर्षीही नाहीये, बाबा. तुमचा आत्ता खुर्चीवर आहे."

बारकीची आई दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत काम करायची. दिवसभर जखमा बघून आलेली बाई घरातल्या वादात सहसा पडत नसे. तिने नुसता टॉवेलाकडे एक कटाक्ष टाकला.

"वॉर्ड समितीने मैदानाला कुलूप लावलं, गाड्या उभ्या करायला दिलं," बारकी म्हणाली. "त्या मैदानावर खेळत कोण होतं? तुम्ही?"

"मत दिलं म्हणून कुलूप निघत नसतं."

"मग तुम्ही का देता दर वेळी? सकाळी सातला, दाढी करून?"

भिंगरावांनी भात मागितला.

अर्ज घेऊन आली ती बारकीची मैत्रीण. तिचंही घरातलं नाव होतं, चष्मा. तिसरीपासून दोघी एका बाकावर. चष्म्याचे वडील ट्रकवर, आई पॅकिंगच्या कारखान्यात पाळीवर. त्यामुळे शाळा सुटल्यावर ती बारकीकडेच असायची, आणि तिचं ताट वेगळं वाढायचं ही गोष्ट घरात केव्हाच बंद झाली होती. तिने चौदा पत्रकं खिडकीतून आत सरकवली. एकेका पत्रकावर पंचवीस ओळी, शेवटच्यावर बावीस. एकूण तीनशे सत्तेचाळीस सह्या.

"काका, पावती द्याल?"

"इथे काका नाही."

"बरं. साहेब, पावती."

भिंगरावांनी पावती दिली. ती मुलगी चिडली नव्हती, उलट तिला हसू आवरत नव्हतं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

नियम म्हणत होता, की सही कार्यालयात उपलब्ध असलेल्या नमुन्याशी ताडून पाहावी. आता सोळा वर्षांच्या मुलाचा नमुना नगरपालिकेत कुठून असणार? त्याच्या नावे घर नाही, दुकान नाही, पाणीपट्टी नाही. दुसरा कुणी कारकून असता तर त्याने शाळेकडून यादी मागवली असती आणि संध्याकाळी चहा प्यायला असता. भिंगरावांना मात्र वाचनालय आठवलं. वाचनालय नगरपालिकेचंच. तिसरीतल्या मुलांना शाळा रांगेने तिथे नेते, प्रत्येकाचं सभासद कार्ड काढते आणि कार्डावर प्रत्येकाची सही घेते. आपल्याला हे सुचलं याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं, की कार्डांचे अकरा ट्रे त्यांनी शिपायाची वाट न बघता स्वतः उचलून आणले.

नऊ दिवस ते काम चाललं. ट्रेमध्ये आठ वर्षांच्या मुलांनी केलेली आयुष्यातली पहिली सही होती. गोल गोल अक्षरांत आख्खं नाव, वडिलांच्या नावापर्यंत येता येता जागा संपलेली, मग आडनाव समासात उभं चढलेलं. कुणी नावावर सूर्य काढलेला. कुणी दोन रंगांत सही केलेली. अर्जावर त्याच मुलांच्या सह्या मंत्र्यांना लाजवतील अशा होत्या: एक झोकदार रेघ, तिला एक गाठ, खाली दोन टिंबं. तिसरीतलं मूल सही करताना आपलं नाव लिहितं, अकरावीतलं मूल आपलं नाव लपवतं. एवढं कळायला भिंग लागत नाही. भिंगरावांनाही कळलं होतं. पण नियमात 'कळणं' हा शब्द नव्हता, 'जुळणं' होता. त्यांनी 'जुळत नाही' असा रबरी शिक्का करून घेतला आणि तो तीनशे दोन वेळा मारला.

पंचेचाळीस सह्या स्वीकारल्या गेल्या. त्यातल्या चव्वेचाळीस जणांनी गेल्या वर्षी-दोन वर्षांत आपली जुनी कार्डं हरवली होती आणि नवी काढली होती. म्हणजे कार्ड सांभाळून ठेवणारी मुलं अपात्र ठरली आणि हरवणारी पात्र. हा विनोद भिंगरावांच्या तेव्हा लक्षात आला नाही.

पंचेचाळिसावी सही सातव्या पत्रकावर सतराव्या ओळीत होती.

सोळाव्या ओळीत चष्म्याची सही. तिच्या कार्डावर नावाखाली एक मासा काढलेला होता. अर्जावर मासा नव्हता. शिक्का. मग सतरावी ओळ, बारकी. ही सही भिंगरावांना पाठ होती. गेला उन्हाळाभर तिने ती वर्तमानपत्राच्या कडांवर, लाइटबिलाच्या पाकिटांवर, एकदा तर त्यांच्या रजेच्या अर्जामागे गिरवली होती, आणि ते ओरडले होते. त्यांनी तिचं कार्ड काढलं नाही. भिंग उचललं नाही. 'जुळते' असं लिहिलं आणि अठराव्या ओळीवर गेले. पुढे त्यांनी स्वतःला कितीदा तरी विचारलं, की त्या क्षणी मनात काही आलं होतं का. काहीच आलं नव्हतं. पाप करताना माणसाचा हात थरथरतो म्हणतात. त्यांचा हात नेहमीसारखा चालला.

यादी नोटीसबोर्डावर लागली. मुलं आली, आधी एकमेकांच्या नावांवरचे लाल शिक्के बघून हसली, मग बेरीज करून पांगली. त्या दिवशी चष्मा बारकीच्या घराच्या दारापर्यंत आली आणि तिथूनच परत गेली.

"बाबा, माझी सही कशी जुळली?" बारकीने विचारलं. चपलाही काढल्या नव्हत्या.

"जुळली म्हणून जुळली."

"कशाशी?"

"कार्डाशी. आणखी कशाशी जुळणार?"

"माझं कार्ड तिसरीतलंच आहे. सही करून मी पुढे 'मॉनिटर' लिहिलंय. बाईंनी खोडायला सांगितलं तरी खोडलं नव्हतं." ती थांबली. "अर्जावर मी मॉनिटर नाही लिहिलेलं."

भिंगरावांनी वर्तमानपत्र उलटलं. आई आतून बाहेर आली, दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, "आपला तो बाब्या," आणि पुढची म्हण तशीच तोंडात ठेवून पुन्हा आत गेली. ती पूर्ण केली असती तर बरं, असं भिंगरावांना वाटलं.

"एका पत्रकावर पंचवीस जण," बारकी म्हणाली, "आणि शिक्का नाही तो एकटीवर. वर्गात काय म्हणतात माहितीये?"

"काय म्हणतात?"

"काहीच नाही. सरकून जागा देतात. आख्खा बाक मला एकटीला."

यावर बापाने काही बोलायला हवं होतं. भिंगराव नियम बोलले, कारण दुसरं काही त्यांना येत नव्हतं. "हे बघ, नाकारलेल्या सहीवर दाद मागता येत नाही. स्वीकारलेल्या सहीवर हरकत घेता येते, सात दिवसांत. तेही कुणी खोटी सही घुसवली असेल म्हणून. तेव्हा आता विषय संपला."

बारकी चपला काढून आत गेली. विषय संपला असं खरंच वाटून भिंगराव त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

सहाव्या दिवशी ती खिडकीवर आली. पुढे कुत्र्याचा परवाना मागणारा एक गृहस्थ होता, मागे जन्मदाखल्यासाठी आलेली एक बाई. मधे ती, शाळेच्या गणवेशात, आपली पाळी येईपर्यंत भिंतीवरचं वेळापत्रक वाचत उभी.

"साहेब, हरकत अर्ज आहे."

भिंगरावांनी वर बघितलं नाही. आवाज ओळखायला बघावं लागत नव्हतं. कागदावर लिहिलं होतं: पत्रक सात, ओळ सतरा, ही सही वाचनालयाच्या कार्डाशी जुळत नाही, तरी ती रद्द करावी. सही करणारी मीच आहे. खाली तीच ती झोकदार सही.

त्यांनी नोंद केली, शिक्का मारला, पावती फाडून दिली. "उद्या या, प्रत मिळेल," असं म्हणाले. मुलीला 'या' म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

हरकत अर्जाच्या खालच्या अर्ध्या भागात पडताळणी करणाऱ्याने लिहून द्यायचं असतं, की सही कोणत्या नमुन्याशी ताडून स्वीकारली. नमुना न पाहता स्वीकारली असेल, तर सगळीच पडताळणी रद्द होते आणि दुसऱ्या माणसाकडून नव्याने करावी लागते. भिंगराव तो कागद घेऊन हेडक्लार्कबाईंच्या टेबलापाशी गेले. बाई मायाळू होत्या. कार्यालयातली निम्मी घाण त्यांच्या मायेनेच साचली होती.

"'नजरचुकीने' लिहा आणि मोकळे व्हा," त्या म्हणाल्या. "पंचेचाळीसचे चव्वेचाळीस होतील. तीनशेला तसेही पुरत नव्हते. कुणाचं काय जातं?"

"मुलगी आहे माझी."

"म्हणूनच सांगते. घरातलं घरात राहील."

भिंगरावांनी 'नजरचुकीने' लिहिलं. हा शब्द त्यांनी इतरांच्या कागदांवर हजारदा वाचला होता आणि दर वेळी ओठ मुडपून हसले होते.

दुसऱ्या दिवशी बारकीने प्रत घेतली आणि खिडकीतच उभी राहून वाचली. मागे रांग होती.

"साहेब, हे खोटं आहे."

"काय खोटं?"

"नजर चुकली नव्हती. तीनशे दोन सह्यांवर चुकली नाही, आणि नेमकी माझ्यावर चुकली?" ती हळूच बोलत होती, पण जिन्याखाली आवाज घुमतो. "वर्गात हे दाखवलं तर कुणाला पटणार नाही. मला पण पटत नाहीये."

"घरी बोलू."

"घरी तुम्ही वर्तमानपत्र वाचता."

मागचा एक माणूस म्हणाला, "अहो, द्या की तिला काय हवं ते. आम्हाला पण कामं आहेत."

भिंगरावांनी हात बाहेर काढून प्रत परत मागितली. मूळ कागद काढला. सरकारी कागदावर खोडायचं असेल तर एकच आडवी रेघ मारून शेजारी सही करायची असते. त्यांनी दोन्ही कागदांवर तशी रेघ मारली आणि खाली लिहिलं: नमुना पाहिला नाही. सही माझ्या मुलीची असल्यामुळे ओळखली. एकतीस वर्षांत त्यांनी कार्यालयाच्या कागदावर 'माझ्या' हा शब्द कधी लिहिला नव्हता. तो इतका मोठा दिसत होता, की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही वाचता येईल असं त्यांना वाटलं.

बारकीने वाचलं. घडी घातली. "थँक्यू, साहेब," म्हणाली आणि गेली. घरी आल्यावर ती 'साहेब' म्हणाली नाही, पण 'बाबा'ही म्हणाली नाही. काही दिवस ती हाक न मारताच बोलत होती. मराठीत हे फार कठीण नाही, जरा वाक्यं लांबतात एवढंच.

हेडक्लार्कबाई म्हणाल्या, "निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं तुमचं. कशाला नसता उद्योग?" साहेबांनी मेमो दिला. खिडकीत दुसरा माणूस बसला. भिंगरावांना सांगितलं, की नव्या पडताळणीचे दोन दिवस तुम्ही वरच्या व्हरांड्यात बाकावर बसा आणि मुलांना खोली दाखवा.

नवी पडताळणी करवसुलीतल्या एका तरुण बाईंकडे दिली होती. पद्धत साधी: मुलाने समक्ष येऊन सही करायची आणि सोबत ओळख पटवणारा एक प्रौढ रहिवासी हवा, आईबाप किंवा कुणीही. मुलं येत होती. कुणाबरोबर आजी, कुणाबरोबर दुकान अर्धवट टाकून आलेला मामा, एका मुलाबरोबर त्याचा ओशाळलेला घरमालक. भिंगरावांना सगळे ओळखत होते. यादीखाली त्यांचीच सही होती ना.

"काका, रांग इकडूनच का?"

"हो, इकडूनच."

"थँक्यू, काका."

कुणी टोमणा मारला असता तर सोपं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. ही मुलं त्यांच्याशी, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तशी बोलत होती. एकाने तर विचारलं, पाणी हवंय का.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकी आली. तिच्याबरोबर आई होती, अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेली. भिंगराव दारापासून सहा पावलांवर बसलेले होते, दिवसभर रिकामे, आणि ओळख पटवायला त्यांना रजाही लागली नसती. कुणी त्यांना विचारलं नाही. आत बाईंनी विचारलेलं ऐकू आलं, "ओळखता का?" आणि बारकीच्या आईचं उत्तर, "नाही ओळखून सांगते कुणाला? पोटची आहे."

बाहेर पडताना आई म्हणाली, "डबा खाल्लात?"

"खाल्ला."

"खोटं बोलू नका. पिशवी जड दिसतेय."

तीन वाजेपर्यंत तीनशेचा आकडा पार झाला. पुढे विषय सभेत आला, दीड तास चर्चा झाली, एका सदस्याने हल्लीच्या तरुण पिढीबद्दल चिंता व्यक्त केली, आणि प्रस्ताव अभ्यासासाठी समितीकडे गेला. समितीचा अभ्यास अजून चालू आहे. अर्जावरची बरीच मुलं दरम्यान अठराची झाली आणि त्यांना ते मत नुसतं वय वाढल्याबद्दल मिळालं.

पण त्या दिवशी तीन वाजल्यानंतरही मुलं येत होती. आकडा भरला हे माहीत असून येत होती. पाचला दहा मिनिटं कमी असताना चष्मा आली, एकटीच. धावत आल्यामुळे चष्म्यावर वाफ धरलेली. मागे बारकी, तिला पोहोचवायला आलेली. ती जिन्यापाशीच थांबली.

"आईची पाळी पाचला सुटते," चष्मा आतल्या बाईंना म्हणाली. "पाच मिनिटं थांबाल का?"

"पाचला बंद, गं. आणि तीनशे कधीच झाल्या. नाही केलीस तरी चालेल."

"मला करायचीय."

"मग कुणी तरी मोठं माणूस बघ. ओळखणारं."

बाकावरून भिंगराव उठले. उठायचं त्यांनी ठरवलं नव्हतं, आणि उठल्यावर परत बसणं जास्त वाईट दिसलं असतं. ते दारात गेले. "मी ओळखतो हिला," म्हणाले.

चष्म्याने त्यांच्याकडे बघितलं. मग घड्याळाकडे. "चालेल," ती म्हणाली, दुकानदाराकडे सुटे नसले की त्याऐवजी गोळी घ्यावी तसं.

बाईंनी फॉर्म पुढे ओढला. "पूर्ण नाव सांगा हिचं."

भिंगरावांनी सांगितलं, वडिलांच्या नावासकट. एकदा शिक्का मारताना वाचलेलं नाव होतं ते; घरात त्यांनी ते कधी उच्चारलंच नव्हतं.

"किती वर्षं ओळखता?"

"आठ."

"कसं काय?"

"मुलीची मैत्रीण. शाळा सुटल्यावर आमच्याकडेच असते. जेवायलाही असते."

बाई लिहीत होत्या. त्यांची मान खाली होती आणि आवाजात काहीच खोच नव्हती. फॉर्मला एक रकाना होता, तो भरायचा होता. "मग पहिल्या पडताळणीत ओळखली नव्हतीत का? इथे आधीचा शेरा 'जुळत नाही' आहे, त्याचं कारण लिहावं लागतं."

व्हरांड्यात झाडूवाली बाक सरकवत होती. जिन्यापाशी बारकी उभी होती, आणि तिला ऐकू येत होतं हे भिंगरावांना तिकडे न बघताही कळत होतं. 'नमुना वेगळा होता' असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. बाईंनी ते लिहून घेतलं असतं आणि सगळे पाच वाजता घरी गेले असते.

"ओळखली होती," भिंगराव म्हणाले.

बाईंनी मान वर केली. "मग?"

"ओळखली होती आणि शिक्का मारला."

"हे असंच लिहू?"

"लिहा."

बाईंनी लिहिलं. चष्म्याने सही केली, सावकाश, एकेक अक्षर वाचता येईल अशी. मग पेनाचं टोपण लावून ते बाईंना परत दिलं आणि दाराकडे वळून म्हणाली, "येते." कुणाला, ते कळलं नाही. भिंगरावांनी मान हलवायला सुरुवात केली, आणि आपल्याला नसेल असं वाटून मध्येच थांबवली.